बारा गुंठे न नांगरलेले

यंदाही वैशाख लागला आणि पलटी नांगरांची घरघर सुरू झाली. मी शिकवते त्या कॉलेजच्या मागंच शेतं आहेत. शिकवता शिकवता तो आवाज कानावर आला की हातातला खडू फळ्यावर तसाच थांबतो. मुलांना वाटतं, मॅडम पुढचं विसरल्या. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं. उन्हाळी नांगरटीच्या आवाजानं शेतकऱ्याच्या लेकीला खरं तर बरं वाटायला हवं, पण माझे पाय आपोआप खिडकीकडं वळतात. ट्रॅक्टर कुठवर आलाय, किती रान उरलंय, हे बघितल्याशिवाय मला पुढचं वाक्य सुचत नाही.

माझा अभ्यास मातीतल्या जीवांचा. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे गांडूळखत का?" पूर्वी मी चिडायचे, आता सरळ हो म्हणते.

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पलीकडं. बी-बियाणं असो की डोकेदुखीची गोळी, वडगावच्या बाजाराशिवाय भागत नाही इतकं लहान. आमची जमीन शिवाराच्या अगदी कडेला. गावकीच्या कामाबद्दल आमच्या लोकांना पूर्वी जी जमीन मिळायची, तिला हाडोळा म्हणत. त्यातले हे चार एकर. आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली, जमीन तेवढी राहिली. संशोधनासाठी जागा शोधायची वेळ आली तेव्हा मी वडिलांना, म्हणजे दादांना, त्यातले बारा गुंठे मागितले. अट एकच होती. तीन वर्षं त्याला नांगर लावायचा नाही. बी टोकून पेरायचं, काढणी झाली की धसकटं, पाला, सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, सगळं तिथंच पडू द्यायचं. शेजारचे बारा गुंठे मात्र गावासारखे दरवर्षी नांगरायचे. मातीला कुणी हलवलंच नाही तर तिच्यात कोण राहायला येतं आणि ते तिचं काय करतं, एवढाच माझा प्रश्न होता.

दादांनी आधी सगळं रान नजरेखालून घातलं. मग म्हणाले, "न नांगरता रान ठिवायचं म्हंजी दाढी न करता लग्नाला गेल्यावानी हाय बाई. पर ठीव."

त्या पट्ट्याचा उन्हाळा मला अजून तळहातात आठवतो. भर दुपारी, चपलेतूनही पाय भाजत असताना, गुळीचा थर बाजूला सारून हात खाली घातला की माती गार लागायची. ओली नाही, नुसती गार. शेजारच्या नांगरलेल्या रानात ढेकळं उन्हात कडक होऊन पडलेली असायची आणि त्यांच्यावरून चालताना घोटा मुरगळायचा. इकडं पट्ट्यात भेगा पडत, वरची माती त्यांच्यात ओघळत राही, पावसाळ्यात फुगून पुन्हा वर येई. काळी माती अशी स्वतःच स्वतःला नांगरत असते, हे मी पुस्तकात वाचलं आणि मोठ्या कौतुकानं दादांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तर मह्या बापालाबी ठावं होतं." माझं कौतुक तिथंच जिरलं.

त्यांचा एक आवडता उद्योग होता. चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरायचे, एकात नांगरलेल्या रानातलं ढेकूळ टाकायचं, दुसऱ्यात पट्ट्यातलं. पहिलं बघता बघता विरघळून पाणी गढूळ व्हायचं. दुसरं तसंच बसून राहायचं. त्याला गांडुळांनी, बुरशीच्या बारीक धाग्यांनी, कुजलेल्या मुळांनी धरून ठेवलेलं असायचं. दादांना ते ग्लास घेऊन गावातल्या हॉटेलात जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, तीन वर्षं पुरी होऊ द्या, निकाल पक्का झाल्याशिवाय बोलायचं नसतं. माझ्या शिस्तीचा मला केवढा गर्व होता! त्या गर्वाचं काय झालं ते पुढं येईलच.

आमच्याकडची गांडुळं उन्हाळ्यात झोपतात. वीतभर, कधी हातभर खाली, सुपारीएवढ्या पोकळीत, अंगाची गाठ मारून. पोकळी आतून स्वतःच्याच चिकट रसानं लिंपलेली असते. या कमी पावसाच्या मुलखात त्यांच्या किती पिढ्या गेल्या असतील, कोण जाणे. ज्यांना असं निजता आलं नाही ती वाळून गेली, ज्यांना आलं त्यांची ही पिलावळ. ते वर्गात शिकवताना मी उत्क्रांती हा शब्द वापरते, पण मनात मला दादा दिसतात. वाईट दिवसांत अंग आवळून, आवाज न करता, आपल्याच ओलाव्यावर तगून राहणं त्यांनाही फार चांगलं जमायचं. मला ते जमत नाही, म्हणून मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

गावाला काहीच माहीत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की या घरानं बारा गुंठे रान पड टाकलंय. पहिल्या वर्षी टोमणे आले. "पोरीनं बापाला कामातनं काढलं." दुसऱ्या वर्षी टोमण्यांची जागा काळजीनं घेतली. "तब्येत बरी हाय न्हवं?" दादा नुसते हसायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात ते बांधावरून घसरले, पाय मोडला आणि आम्ही त्यांना बीडला दवाखान्यात नेलं. पट्ट्यातले शेवटचे वीस खड्डे तेवढे घ्यायचे राहिले होते. झोपलेली गांडुळं, त्यांच्या पोकळ्या, मुळांनी केलेली भोकं, सगळं मोजून तीन वर्षांची बेरीज करायची होती. मी ते आठवडाभर पुढं ढकललं. वैशाखात माती कुठं पळून जाणार होती?

आता इर्जिकीबद्दल सांगायला हवं. एखाद्याच्या घरी अडचण असली, माणूस आजारी असला, रान मागं पडलं, तर गाव आपापली अवजारं घेऊन त्याच्या शेतात उतरतं आणि एका दिवसात नांगरून देतं. मोबदला नाही. घरधन्यानं फक्त जेवू घालायचं. आमच्याकडं याचे दोन नियम होते. घरधन्यानं त्या दिवशी अमुक कर, तमुक करू नको असं म्हणायचं नाही, कारण आलेला माणूस गडी नसतो. आणि रानाचा एक तुकडाही मागं ठेवून उठायचं नाही. काम अपुरं राहिलं तर जेवणाला कुणी शिवत नाही.

दादा तरुणपणापासून आपली बैलजोडी घेऊन गावातल्या एकूण एक इर्जिकीला जायचे. कुणी बोलवावं लागत नसे. नांगर हाकायला ते सगळ्यांच्या ओळीत असायचे, जेवायला मात्र बांधापलीकडं, घरून नेलेल्या ताटलीत. पुढं ते बदललं, ताटली घरी राहिली, पंगत एक झाली. एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. आमच्या रानात इर्जिक कधी झाली नव्हती. आजोबा वारले तेव्हा नाही, बैल दगावला त्या वर्षीही नाही. दादांनी याबद्दल घरात कधी शब्द काढला नाही.

बीडला आठवा दिवस होता. सकाळी घरी सोडणार म्हणून मी कागदांच्या खटपटीत होते. तेवढ्यात मायचा, माझ्या आईचा, फोन आला. "संघा, आगं दत्ताबप्पा आलेत. दोन ट्रॅक्टर, एक बैलजोडी, पंधरा-वीस माणसं. आपल्या रानात इर्जिक धरलीय."

दत्ताबप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, रान आमच्या शेजारचं. गावात इर्जिक त्यांच्याच शब्दावर धरली जायची.

मी म्हटलं, "माय, पट्टा सोडायला सांग. पळत जा."

"मी कसं सांगू? इर्जिकीच्या माणसाला आसं म्हणत्यात का?" मग हळूच म्हणाली, "आन् पयल्यांदाच आलेत गं."

फोनचा आवाज मोठा होता. दादांनी सगळं ऐकलं होतं. खाटेवर ते ताठ बसले. "आपल्या रानात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आपल्याच?" पुन्हा विचारलं. मग त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, जणू लोक त्यांना तिथूनच बघत होते. त्यांचा तो चेहरा बघून मी पट्ट्याचं नाव काढू शकले नाही.

जीपमध्ये बसले ती हिशोब करतच. मायनं सांगितलं होतं, रस्त्याच्या बाजूनं सुरुवात केलीय. पट्टा पार दुसऱ्या टोकाला. चार एकर, दोन ट्रॅक्टर. मांजरसुंबा आलं तेव्हा वाटलं, पोचू. नेकनूरला रस्त्यात मेंढरं आडवी आली आणि वाटलं, नाही पोचत. ड्रायव्हरला मी इतक्या वेळा घाई केली की त्यानं शेवटी आरशातून बघत विचारलं, "ताई, मयत हाय का कुनाची?"

नेकनूर मागं पडल्यावर मी बोलले. "दादा, पट्टा नांगरला गेला तर माझी तीन वर्षं गेली."

दादा बाहेर बघत होते. "समदं रान नांगरतेत, बाई. तुकडा सोडत न्हाईत."

"म्हणूनच म्हणतेय. मला थांबवावं लागेल त्यांना."

केज आलं, गेलं. प्लास्टर घातलेल्या पायावर दादांचा हात होता आणि बोटं प्लास्टरवर एकसारखी वाजत होती. मला स्वतःची लाज वाटत होती. जन्मभरात एकदा बापाच्या दारात मान आला होता, तो परत पाठवायला मी ऐंशीच्या वेगानं निघाले होते. आणि तरीही मनातल्या मनात मी ड्रायव्हरला आणखी पळवत होते, हेही खरं.

पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. सगळं रान काळंभोर उलटलेलं. ट्रॅक्टरच्या मागं बगळे आणि साळुंक्या उतरल्या होत्या, त्या काय टिपत होत्या ते मला नीट माहीत होतं. एक ट्रॅक्टर पट्ट्यात शिरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगराची एक ओळ, जिला आम्ही तास म्हणतो, काढून झाली होती आणि तो दुसऱ्या तासासाठी वळत होता. मी जीपमधून उडी मारली आणि ढेकळांतून धडपडत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ओ ताई, मरायचं का?" ट्रॅक्टरवाला ओरडला. इंजिन बंद झालं. एवढं शांत झालं की बगळ्यांचे पंख ऐकू आले.

दत्ताबप्पा उपरण्यानं घाम पुसत पुढं आले. "काय झालं, बाई? आमचं काय चुकलं का?"

"हे नांगरू नका, बप्पा. एवढंच नांगरू नका."

"कावून?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं लिहीत होते. कोष्टकं होती, आलेख होते. त्या क्षणी मी नुसते हात आडवे पसरून उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकली ना ती आता. आमच्या हातची नांगरट चालंना तिला."

ते वाक्य कानशिलात बसल्यासारखं लागलं. आमच्या हातचं चालत नाही, हे आमच्या घरानं किती पिढ्या ऐकलं होतं, आणि आज ते उलटं फिरून माझ्याच तोंडावर आलं होतं. दत्ताबप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "चला, बे. आवजारं उचला."

"जेवन तयार हाय," आखाड्यातून, म्हणजे शेतातल्या आमच्या खोपीतून, माय कशीबशी म्हणाली. पुरणपोळीचा आणि येसर आमटीचा वास रानभर पसरला होता.

"काम अर्धं टाकून इर्जिकीचं जेवत न्हाईत, वैनी," दत्ताबप्पा म्हणाले. रागानं नाही म्हणाले. त्यामुळंच ते जास्त लागलं.

माणसं निघाली. पंचवीस माणसांचा स्वयंपाक झाकलेला होता आणि माणसं निघाली होती. मला वाटलं, बाजूला व्हावं. नांगरा म्हणावं. प्रबंध गेला खड्ड्यात. मी खरंच एक पाऊल मागं घेतलं होतं.

तेवढ्यात दादांचा आवाज आला. जीपच्या दाराला धरून ते एका पायावर उभे होते.

"दत्ताबप्पा, जरा थांबा. मला बोलायचंय." ते मोठ्यानं बोलताहेत, हेच गावाला नवीन होतं. "मह्या जल्मात तुमी पयल्यांदा या रानात आलात. मी वाट बघितली. खोटं कावून बोलू? लई वाट बघितली. आन् आज मीच तुमाला थांबिवतोय. पोरीचं न्हाई, मी सांगतोय. ते बारा गुंठे पड न्हाईत. त्यात जीव झोपलेत. ते मोजायचे हायत. मोजायच्या आधी नांगरलं, तर तिचं तीन वरसाचं पीक जातंय. हे तुमाला आधीच सांगायला पायजे व्हतं. न्हाई सांगितलं, ही आमची चूक हाय."

चूक माझी होती. त्यांनी ती आमची म्हटली.

दत्ताबप्पा वाकले, त्या काढलेल्या तासातलं एक ढेकूळ उचललं आणि दोन्ही हातांनी फोडलं. आत सुपारीएवढी पोकळी होती आणि तीत गाठ मारून बसलेलं गांडूळ. उन्हाची तिरीप लागताच ते जरासं हललं.

"जित्तं हाय की हे," बप्पा म्हणाले. त्यांनी ढेकळाचे दोन्ही भाग पुन्हा जुळवले आणि गुळीखाली सावलीत ठेवले. मग उठून कमरेवर हात ठेवून मला म्हणाले, "बरं, नांगरायचं न्हाई. मंग या तुकड्याला काम काय हाय ते तर सांगशीन? काम केल्याबिगर आमी जेवायचं कसं?"

मी म्हणाले, "वीस खड्डे खांदायचेत. हातभर खोल. पण हळू. माती चाळून एकेक जीव मोजायचाय."

"वीसच? आमी बी वीस हाओत की."

वैशाखातली काळी माती पहारेला दाद देत नाही. पण त्या दिवशी पट्ट्यात वीस माणसं उकिडवी बसली होती. नांगर हाकणारी दांडगी माणसं मुठीतली माती बोटांनी विंचरत होती, आणि कुणाला गांडूळ सापडलं की "ए ताई, माझे सात झाले" म्हणून ओरडत होती. त्यावर पलीकडचा हुज्जत घालायचा, की तुझी दोन तुटकी आहेत, ती एकच धर. शास्त्र म्हणून बघितलं तर तो सगळा गोंधळ होता. मी प्रत्येक खड्ड्यावर जाऊन पुन्हा मोजलं, वही घामानं ओली झाली, पण वीसही खड्डे झाले. ज्यानं तो टोमणा मारला होता, त्याच्या खड्ड्यात सगळ्यात जास्त निघाली. तो निघेपर्यंत ते सगळ्यांना ऐकवत राहिला.

मग पंगत बसली, आमच्या आखाड्यापुढं, लिंबाखाली. मायनं आमची ताटं मांडली. दादांना पाय दुमडता येत नव्हता, म्हणून त्यांना पोत्यांवर टेकवून ओळीच्या मधोमध बसवलं. दत्ताबप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वैनी, आमटी वाढा आनखी." माय आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दादा जेवले नाहीत. ते नुसते एकेकाच्या ताटाकडं बघत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

लोक गेल्यावर मी दाताळं घेऊन ते एक तास बुजवायला निघाले. दादांनी हटकलं. "राहू दे ते. गावानं आपल्या रानात काढलेलं पयलं तास हाय."

प्रबंधात मी त्या तासाची नोंद केली. परीक्षकांनी विचारलं, हा व्यत्यय कशामुळं? मी म्हटलं, स्थानिक कारणांमुळं. काय सांगणार होते दुसरं? पुढं आमच्याकडं पुन्हा इर्जिक झाली नाही. गावातच ती आता क्वचित होते. पट्टा मात्र अजून तसाच आहे, आणि दर वैशाखात मी गावी जाऊन त्या तासातलं ढेकूळ पाण्यात टाकून बघते. पहिल्या वर्षी ते टाकताच विरघळलं. नंतर दरवर्षी जरा जास्त वेळ धरून राहू लागलं. नांगराच्या एका फेरीतून सावरायला मातीला किती उन्हाळे लागतात, हा माझा नवा अभ्यास झाला.

यंदा गेले तर तासच सापडेना. भेगांत माती ओघळून ती सरी भरून गेली होती. अंदाजानं ढेकूळ उचललं, ग्लासात टाकलं. माझा चहा पिऊन झाला, ढेकूळ तसंच. मी आनंदानं दादांना दाखवायला गेले. अभ्यासाच्या दृष्टीनं याहून चांगली बातमी नव्हती. दादा घरात नव्हते. काठी टेकत ते पट्ट्यावर गेले होते, आणि जमिनीकडं बघत इकडून तिकडं फिरत होते. शेवटी एका जागी थांबले, बांधावरचा एक दगड ओढत आणला, रोवला. मग त्या टोकाला दुसरा.

"दादा, काय करताय? माती बरी झाली तिथली. काही राहिलं नाही आता."

"म्हनूनच," ते म्हणाले. धाप लागली होती. "माती विसरली. आपून कावून विसरायचं?"

मी घरात गेले आणि दगडांना लावायला चुना घेऊन आले.